हलक्या हाताचा मापाडी

विम्याची पाहणी नीट पार पडली असती, तर मापाड्याच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली म्हणजे पंपावर हंगामी लागलेला त्याचा जावई कायम झाला असता. मालकानं तसा शब्द दिला होता, तोही चारचौघांत, म्हणजे मागे घ्यायला अवघड. दुसरी, जावई कायम झाला की विहीणबाईंचं तोंड काही दिवस तरी बंद राहिलं असतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी "तुमच्या एवढ्या ओळखीचा आमच्या मुलाला उपयोग काय?" हे वाक्य त्या दर भेटीत एकदा वापरून घेत. तिसरी गोष्ट मापाडी कोणाला सांगत नसे, बायकोलाही नाही. विमेवाल्या बाई वर्षातून एकदा यायच्या, त्याचं डिपचं, म्हणजे टाकीच्या रोजच्या मापाचं, रजिस्टर उघडायच्या, चार पानं उलटायच्या आणि म्हणायच्या, "असं रजिस्टर मला दुसरीकडे दिसत नाही." तेवढ्या एका वाक्यावर त्याचं पुढचं वर्ष निघे.

पंप गावाबाहेर, रस्ता ओढ्याकडे उतरतो त्या वळणावर. जमिनीखाली डिझेलची एक मोठी टाकी. बावीस वर्षं, रोज सकाळी विक्री सुरू व्हायच्या आधी आणि रोज विक्री बंद झाल्यावर, मापाडी त्या टाकीच्या तोंडाशी गुडघे टेकून बसे. झाकण काढी. पितळी टोकाची लांब दांडी फडक्यानं पुशी आणि आत सोडी. तळाला टेकली की आतून 'ठक्' असा आवाज येई. मग दांडी वर ओढायची, ओल कुठवर चढली ते बघायचं, आकडा रजिस्टरात मांडायचा. दुसऱ्या पंपांवर हे आकडे खुर्चीत बसून पडतात हे त्याला माहीत होतं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना तो माहीत करून देत असे.

"माप बसून कळत नसतं," तो म्हणे. "वाकावं लागतं."

वाकून वाकून त्याच्या गुडघ्यांना काळे घट्टे पडले होते. कपड्यांना असा वास की बायको ते वेगळ्या बादलीत भिजवी आणि त्या बादलीला 'माझी सवत' म्हणे.

मागच्या वर्षी विमा कंपनीनं एक नवी अट घातली. टाकीच्या तोंडाच्या बरोबर खाली, तळावर, जाड पोलादी पट्टी बसवायची, म्हणजे दांडीचा मार पट्टी खाईल, टाकीचा पत्रा नाही. त्यासाठी टाकी रिकामी करायची, वाफा काढायच्या, आत माणूस उतरवायचा. तीन दिवस विक्री बंद. मालकानं कागद मापाड्यापुढं धरला.

"काय करायचं? तुझा काय अंदाज?"

मापाडी 'करून टाकू' म्हणाला असता तर मालकानं कुरकुरत का होईना, पट्टी बसवली असती. विम्याला तो भीत असे. पण कागदावरचा 'मार' हा शब्द मापाड्याला झोंबला.

"मार देणारे हात वेगळे, मालक. माझी दांडी फुलासारखी टेकते."

"आत जाऊन बघितलंस?"

"बघायला कशाला लागतं? आवाजावरून कळतं मला."

मालक हसला. तीन दिवस वाचले म्हणून हसला असणार. त्यानं फॉर्म पुढं सरकवला. 'पट्टी बसवली आहे' या ओळीपुढं खूण करायची होती आणि खाली 'देखभाल करणाऱ्याची सही' अशी मोकळी जागा होती. मापाड्यानं खूण केली आणि खाली वळणदार सही केली. कोणी त्याचा हात धरून करवून घेतली नव्हती. हे इथंच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं ते त्यालाही फार वेळा आठवलं.

यंदा उन्हाळा लांबला. ओढ्याचं डबकं झालं, विहिरी तळाला गेल्या. पाहणीला आठ दिवस राहिले असताना मापाडी बायकोला घेऊन लेकीच्या घरी गेला. घर पंपापासून उताराला, हाकेच्या अंतरावर. विहीणबाई रोपं तयार करून विकत. टोमॅटो, मिरची, वांगी. वाफ्यांच्या रांगा घराच्या मागच्या दारापर्यंत आलेल्या, आणि सगळ्यांना पाणी एकाच विहिरीचं.

"या, या. कायम करणारे आले," विहीणबाईंनी खुर्ची पुढं केली. हात कोपरापर्यंत मातीचे होते. "कधी होतोय मग आमचा मुलगा कायम? का तोवर आम्हीच कायमचे जायचं?"

"आठ दिवस थांबा. पाहणी झाली की झालंच."

लेकीनं चहा आणून ठेवला. मापाड्यानं कप तोंडाजवळ नेला आणि हात क्षणभर तिथंच थांबला. बावीस वर्षांचा ओळखीचा वास होता तो. चहावर तेलाची बारीक नक्षी फिरत होती.

विहीणबाई त्याच्याकडेच बघत होत्या. "काही जाणवतंय का?"

"साखर जरा जास्त झाली."

"साखर! अहो, आठ दिवस झाले विहिरीला वास मारतोय. तुमच्या पंपाचा."

"माझं नाक मेलंय हो. इतकी वर्षं डिझेलमध्ये काढली. घरात दूध करपलं तरी कळत नाही मला."

बायकोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याच सकाळी दूध लागल्याचं त्यानं अंगणातून ओरडून सांगितलं होतं.

मापाड्यानं चहा प्यायला. घोटाघोटाला जिभेवर साय धरल्यासारखं होत होतं, पण कप तळापर्यंत रिकामा केला आणि वर "छान" असंही म्हणाला. बायकोनं आपला कप हळूच खुर्चीखाली सरकवला. "मला चहानं पित्त होतं," ती कोणीही न विचारता म्हणाली.

"विहिरीवरच्या इंजिनाचं तेल ठिबकत असेल," मापाडी म्हणाला.

"मामा, इंजिन काढून दोन वर्षं झाली," जावई म्हणाला. "आता मोटर आहे." जावई साधा. त्याला वाटलं सासऱ्यांना माहीत नाही.

विहीणबाई उठल्या, वाफ्यातलं मिरचीचं एक रोप उपटून आणलं. पानांच्या कडा पिवळ्या पडून आत वळल्या होत्या. मूळ बोटांत चुरडून त्यांनी त्याच्या नाकासमोर धरलं. व्याह्याच्या नाकाला हात लागू नये एवढंच अंतर ठेवलं.

"मेलेल्या नाकाला काय विचारायचं म्हणा," त्या म्हणाल्या आणि रोप त्याच्या मांडीवर टाकून दिलं.

परतताना चढावर बायको म्हणाली, "दूध लागलं तेव्हा तर अंगणातून ओरडलात."

"ते दूध होतं."

"आणि हे?"

तो पुढं झाला. चढाला तिला धाप लागते हे माहीत असूनही पुढं झाला.

रजिस्टरात गेले दोन महिने घट दिसत होती. थोडी थोडी, पण रोज. मापाड्यानं तिच्यापुढं 'टँकरमधून कमी आले' असं लिहून ठेवलं होतं आणि तोवर त्याचा त्यावर विश्वासही होता. त्या चहानंतर उरला नाही. तरी चौथ्या दिवशी टँकर आला तेव्हा तो झाकणाशी उभा राहिला आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चढावर गाडी थांबवून किती बादल्या काढतोस रे?"

टँकरवाला पांढऱ्या मिशांचा, साठीला टेकलेला. आधी हसला, थट्टा वाटली त्याला. मग चेहरा उतरला. "मापाडीदादा, सील तूच तोडतोस की स्वतःच्या हातानं."

"सील पुन्हा लावता येतं."

"तुझ्या दांडीची शपथ घेतो, थेंब काढला नाही."

"दांडीचं नाव काढू नकोस," मापाडी म्हणाला.

मालकानं संध्याकाळच्या आत तक्रार धाडली. टँकरवाल्याला त्या मार्गावरून काढलं. त्या दिवशी पंपावरून जाताना तो मापाड्याशी बोलला नाही. टँकरच्या रिकाम्या टाकीचं बूच मात्र दोनदा घट्ट केलं, जसं तो दर खेपेला करायचा. मापाड्यानं ते पाहिलं आणि तो कचेरीत जाऊन बसला.

पाहणीच्या दिवशी विमेवाल्या बाई आल्या. बसकट बांध्याच्या, सपाट चपला, पेन अंबाड्यात खोचलेलं. मापाड्यानं रजिस्टर फडक्यानं पुसून पुढं ठेवलं. बाईंनी ते उघडायला घेतलं तेवढ्यात विहीणबाई रस्ता चढून आल्या. धापा टाकत, दोन्ही हातांत पाण्याची एकेक बाटली.

"विमा तुमचा का?" त्यांनी बाईंना विचारलं. "मग हे पाणीही तुमचंच." आणि बाटल्या टेबलावर ठेवल्या. व्याह्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

बाईंनी एक बाटली उन्हात धरली. मग जुन्या वर्तमानपत्रावर थोडं पाणी ओतून कागद खिडकीत वाळत ठेवला. कागद वाळला, पण मधला डाग राहिला. त्यातून मागच्या पानावरची अक्षरं दिसत होती.

"तुम्हाला वास येतोय का?" बाईंनी मापाड्याला विचारलं.

"माझं नाक जरा..."

"डोळे आहेत ना?"

"टाकी रिकामी करा," बाई मालकाला म्हणाल्या. "चौथ्या दिवशी येते."

पुढचे तीन दिवस पंपावर गिऱ्हाईक नव्हतं आणि काम मात्र मरणाचं. डिझेल उपसून दुसऱ्या टँकरात भरायचं, तळाचा काळा गाळ बादल्यांनी ओढायचा, मग मोठा पंखा लावून वाफा बाहेर काढायच्या. जावयानं पाइप ओढून ओढून तळहातांना फोड आणले. दुपारी दोघं एकाच झाडाखाली भाकरी खात. जावई दर वेळी तोच प्रश्न विचारी. "मामा, यात माझं काही अडणार नाही ना?" आणि मापाडी दर वेळी म्हणे, "तुझं कशाला अडेल? जेव."

चौथ्या दिवशी सकाळी, बाई यायच्या आधी, वेल्डरला आत उतरवलं. त्याला सगळे 'ठिणगी' म्हणत. त्या दिवशी मात्र त्याला काडेपेटीसुद्धा बाहेर ठेवायला लावली होती. तोंडाला मुखवटा, कमरेला दोर, हातात बंद काचेचा दिवा. थोड्या वेळानं तो वर आला आणि मुखवटा काढून आधी मापाड्याकडे बघितलं.

"पट्टी-बिट्टी काही नाही मालक. तोंडाच्या बरोबर खाली वाटीएवढा खड्डा आहे, आणि खड्ड्यात अंगठ्याएवढं भोक. गाळ ओढताना कडेचा कुजका पत्राही निघाला असणार. बाकी सगळा तळ ठणठणीत."

"तिथंच कसं पडलं?"

"रोज दांडी पडायची, गंज खरवडून निघायचा. उघडा पत्रा पुन्हा गंजायचा, पुन्हा दांडी. अशी वर्षानुवर्षं. टाकी गळाली नाही, मालक. मोजून मोजून भोक पाडलंय तिला."

मापाड्याच्या डोक्यात आपोआप गुणाकार झाला. दिवसाला दोन, वर्षाचे दिवस, बावीस वर्षं. सोळा हजारांवर उत्तर आलं. इतर पंपांवरचे खुर्चीत बसून आकडे घालणारे, त्यांच्या टाक्या शाबूत होत्या.

मालकानं त्याला जनरेटरच्या खोलीमागं नेलं. ठिणगी आणि जावईही आले. मालक हळू बोलत होता, पण घाम गाळत.

"ऐक. ठिणगीच्या भंगारात एक जुनी पट्टी आहे. ती आत टाकू. तू एवढंच म्हणायचं, बसवली होती, टाका सुटला असेल. विमा टाकीची भरपाई देईल, विहीर उपसून देईल, तुझ्या विहिणीची रोपंही भरून देईल. तुझा जावई माझ्याकडे कायम. यात कोणाचं काय जातंय, सांग."

मापाड्यानं खरंच शोधून पाहिलं. कोणाचंच काही जात नव्हतं.

"मामा, हो म्हणा," जावई म्हणाला. फोडांचे हात त्यानं छातीशी धरले होते. "आईला मी समजावतो."

"हो," मापाडी म्हणाला.

ठिणगी पट्टी घेऊन पुन्हा आत उतरला आणि भोकापासून वीतभर अंतरावर ती ठेवून आला.

बाई आल्या. विहीणबाईही आल्या आणि लेकीला घेऊन दूर भिंतीशी उभ्या राहिल्या. बाई म्हणाल्या, "रोज सोडता तशी एकदा दांडी सोडून दाखवा." मापाडी गुडघ्यावर बसला, दांडी पुसली, सोडली. ठक् झालंच नाही. दांडी खाली गेली ती जातच राहिली, आणि वर ओढली तेव्हा पितळी टोकाला ओली माती लागली होती. डिझेलनं भिजलेली, काळी. त्यानं सवयीनं फडकं काढलं आणि ती माती पुसली.

ठिणगीनं तळाशी सुटून पडलेल्या पट्टीबद्दल सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, मग रजिस्टर मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून बोट फिरवत गेल्या. बराच वेळ.

"एक दिवस सुटलेला नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नवी पोरं कामाला लागतात ना, त्यांना मी तुमच्या रजिस्टराची पानं दाखवते. म्हणते, माणूस असा असावा." त्यांनी अंबाड्यातलं पेन काढलं. "पट्टी सुटली असं तुम्ही म्हणत असाल, तर सुटली असेल. मला दुसरा पुरावा नको. तुमच्या शब्दावर लिहिते."

एरवी एका वाक्यावर वर्ष काढणारा माणूस. आज त्याला बसल्या जागी एवढं मिळालं. पण त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या, मानेवरून घाम पाठीत उतरला. भर बाजारात कोणी अंगावरचं धोतर फेडावं तसं त्याला झालं, आणि फेडणारी बाई तर त्याला शाल पांघरावी तशी प्रेमानं बोलत होती.

"लिहू नका," तो म्हणाला.

"काय?"

"पट्टी बसवलीच नव्हती. आज सकाळी आत टाकली. मागच्या वर्षीची सही माझी. कोणी करायला लावली नाही. टँकरवाल्यानंही काही काढलं नव्हतं."

मालक तिथंच कठड्यावर बसला. ठिणगी दोराची वेटोळी घालू लागला. जावई दोन पावलं पुढं आला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "मामा, एवढं एकच तर वाक्य होतं."

पुढं लोक याला हिंमत म्हणाले. ज्यांचं काही अडलं नव्हतं ते म्हणाले. मापाड्याला स्वतःला माहीत होतं. काटा टोचल्यावर माणूस पाय उचलतो, तो दुसरीकडे कोणाच्या अंगावर पडतोय हे बघत नाही. तसं त्याचं झालं होतं. त्याला ती स्तुती थांबवायची होती, बस.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. खोट्या माहितीवर घेतलेला विमा, त्यावर काही मिळणार नाही, टाकीलाही नाही आणि विहिरीलाही नाही, हे त्यांनी मालकाला सांगितलं. मग मापाड्याकडे वळल्या. "तुम्ही आपणहून खरं सांगितलंत, हे अहवालात लिहीन मी."

"ते नका लिहू बाई."

"ते लिहावंच लागतं."

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती कपडे पिळत होती. "मग काय करू?" ती म्हणाली. "टाळ्या वाजवू?" जरा वेळानं तिनंच विचारलं, "उद्या लेकीकडे काय तोंड घेऊन जायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेली. मापाड्याच्या खांद्यावर हंडा होता. विहिरीवर फळी टाकून झाकून ठेवलं होतं. प्यायचं पाणी आता ओढ्यापलीकडच्या नळावरून आणायचं, आणि वाफ्यांना तर आणणंच शक्य नव्हतं. विहीणबाई मेलेली रोपं उपटून ढीग लावत होत्या. त्याला बघून त्यांनी हात झटकले, घरातून खुर्ची आणली, सावलीत ठेवली, पदरानं पुसली.

"बसा."

"मी पाणी आणतो. रोज आणीन. सकाळ-संध्याकाळ."

"छे, छे." विहीणबाईंनी हंडा त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतला. अगदी हलकेच. "व्याही तुम्ही. तुमच्याकडून काम करून घेतलं तर लोक काय म्हणतील? बसा निवांत. मन हलकं झालंय तुमचं."

बोलण्यात कुठं खोच नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या त्याच्याशी इतक्या आदरानं बोलल्या. तो बसला. बायकोनं हंडा उचलला आणि लेकीमागोमाग ओढ्याच्या वाटेला लागली. उतारावर तिला धाप लागत नसे, पण येताना भरला हंडा घेऊन चढच होता. त्या दोघी तीनदा आल्या नि गेल्या. लेक तिसऱ्या खेपेला त्याच्या खुर्चीजवळून गेली तेव्हा हंड्यातलं पाणी हिंदकळून त्याच्या पायावर सांडलं. तिनं पाहिलं, पण थांबली नाही.

पुढं हळूहळू सगळं मिटलं. मालकानं रस्त्याकडची जमीन विकली, टाकी उपटली, खालची काळी माती ट्रकनं लांब नेली आणि नवी टाकी बसवली. पंप साडेचार महिने बंद राहिला, त्यात जावयाचं काम गेलं. तो दूरच्या गावी खडी फोडायला गेला आणि महिन्यातून एकदा घरी येई. विहीणबाईंचे दोन हंगाम गेले आणि विहीर तिसऱ्या वर्षापर्यंत वापरता आली नाही. टँकरवाल्याला कंपनीनं माफीचं पत्र दिलं, मार्ग दिला नाही. त्यावर तोवर दुसरा माणूस लागला होता. लेकीनं आणि मापाड्याच्या बायकोनं पाणी वाहिलं. बायकोचा उजवा खांदा त्या पावसाळ्यात जो धरला तो सुटलाच नाही. विमा कंपनीनं, ठरल्याप्रमाणे, काही दिलं नाही.

नव्या टाकीचा विमा उतरवताना बाईंनी एक अट घातली. देखभालीच्या कागदावर सही त्या खरं सांगणाऱ्या माणसाचीच हवी. मालकाला त्याचं तोंड बघवत नव्हतं, तरी त्याला ठेवून घ्यावं लागलं, पगारही वाढवावा लागला. गावात कोणी खोटं बोलताना सापडलं की लोक त्याला मापाड्याचं उदाहरण देत. मापाडी ते ऐकून खाली बघे.

ज्याचं त्याचं जे जायचं ते गेलं. मापाड्याकडून कोणी काहीच घेतलं नाही.